गाऱ्हाण्याला रिटेक नसतो

श्री. संदेश ऊर्फ ‘बोंबील’ यांची आणि माझी पहिली ओळख गडग्यावरून झाली. गडगा म्हणजे आमच्या दोन घरांमधली दगडांची बुटकी भिंत. मी अंगणात सुकी मासळी वाळत घातली होती, कावळ्याने डल्ला मारला, आणि मी त्या कावळ्याला आणि त्याच्या सगळ्या खानदानाला मनापासून शिव्या घातल्या. माझ्या संपल्या तशा गडग्यापलीकडून त्याच शिव्या परत यायला लागल्या. त्याच क्रमाने, एकही न गाळता, आणि वर पत्र्याच्या डब्यावर ताल! वाकून बघते तर शेजारच्या सुलोचनाचा झील, म्हणजे मुलगा. चड्डीला एकच बटण, नाक वाहतंय.

“मेल्या, माझ्यो गाळी चोरतंस?” मी ओरडले.

“चोरूक नाय गो भामाकाकी, पाठ केलंय,” ते म्हणाले.

आमच्या नाट्यमंडळाचे चिटणीस मास्तर यांनी बजावलं आहे की गौरव अंकात अहो-जाहोच लिहायचं, म्हणून ‘ते’. ज्यांचं नाक मी माझ्या पदराने पुसलं त्यांना ‘ते’ म्हणायला माझी हरकत नाही. नाकही मानाचंच होतं असं समजा.

असा अंक लोकांच्या साठीला काढतात, पंचाहत्तरीला काढतात. संदेशराव आत्ता कुठे चाळिशीला आले. मंडळाच्या बैठकीत एकाने तोंड उघडलंच, “चाळिशीक कोण सत्कार करता?” मी म्हटलं, “तेची साठी येयसर मी खंय नि तात्या मानकरी खंय? माका बोलूचा असा ता मी जिती असताना बोलतलंय.” अंक ठरला. माझं शिक्षण चौथी. बाजारात सोलं, म्हणजे आमसुलं, आणि सुकी मासळी विकून संसार केला. पण संदेशरावांच्या एका गाण्यात माझा आवाज आहे आणि एका सिनेमात मी अख्खी आहे. तेव्हा हा लेख मी सहकलाकार या नात्याने लिहिते आहे. दुसऱ्या कोणाची तेवढी लायकी असेल तर त्याने पुढे यावं.

आता त्यांच्या कार्याविषयी. बारावीनंतर ते कुडाळला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले. एका वैशाखात भर दुपारी सुलोचना धावत आली. “भामाकाकी, झिलाक बाधा झाली गो! गोधडी डोक्यार घेवन घुमता!” मी मीठ-मिरची घेऊन गेले. ते खरोखरच तीन गोधड्यांखाली बसून हलत होते आणि आतून बडबड चालू होती. मी गोधडी ओढली. आत घामाने निथळलेले संदेशराव, हातात मोबाईल.

“काकी, रेकॉर्डिंग चल्ला! कोंब्याचो आवाज येव नये म्हणान गोधडी!”

त्याला रॅप म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. ज्यांना अजून कळलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. भात झोडताना हात जसे एका लयीला लागतात आणि मग थांबवता येत नाहीत, तसं तोंडाने झोडायचं म्हणजे रॅप. त्यात गोड गळा लागत नाही. श्वास लागतो आणि खरं बोलायची खाज लागते. दोन्ही यांच्याकडे जन्मापासून! पहिलं गाणं कुडाळच्या एसटी स्टँडावर होतं, न येणाऱ्या गाडीवर. एसटीचे ड्रायव्हरच ते मोबाईलवर लावून हसायचे. बोंबील हे नाव त्यांनी स्वतःच घेतलं. अंगाने बोंबील आणि कामाने बोंब मारणारा, नाव चपखल बसलं.

मग ते गाणं आलं.

आमच्या देवाची पालखी वर्षातून एकदा समुद्रावर जाते. जायची वाट पहिल्यापासून एकच, माडांतून उतरणारी पाणंद. एका हॉटेलवाल्याने खालची जमीन घेतली आणि पाणंदीच्या तोंडाला गेट घातलं. गावातल्याच चार जणांनी ‘घाला’ म्हटलं होतं, बाकीच्यांनी काहीच म्हटलं नाही. त्या वर्षी पालखी डांबरी रस्त्याने लांबून फिरवून नेली. मी गेटापाशी जाऊन वॉचमनला तोंडाला येईल ते बोलले. आणि संदेशराव माझ्या मागे मोबाईल धरून उभे होते!

गाणं त्यांनी गाऱ्हाण्याच्या चालीवर बांधलं. इथल्या माणसाला गाऱ्हाणं सांगायला नको, पण अंक मुंबईलाही जाणार आहे. देवळासमोर नारळ ठेवून मानकरी देवाला गावाच्या वतीने मागणं घालतो, आणि प्रत्येक मागण्याला सगळा गाव एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. मागणं काय होतं ते अर्ध्यांनी ऐकलेलंही नसतं. मानकऱ्याचा आवाज खाली आला की तोंडातून ‘व्हय म्हाराजा’ आपोआप पडतं. गाऱ्हाणं घालायचा मान पिढ्यान्‌पिढ्या तात्यांच्या घराकडे. तो मान नसताना संदेशराव अर्ध्या चड्डीवर देवळासमोर उभे राहिले आणि म्हणाले,

“बा देवा म्हाराजा, तुझी पालखी दर्याक जाय,
वाटेर गेट, गेटार वाचमन, वाचमन इचारता पास खंय!”

आणि त्याच्या पाठोपाठ माझा आवाज, “मेल्यानू, देवाकडे पास मागतास?” आणि मग सगळीकडून ‘व्हय म्हाराजा’!

काय गाणं होतं! देवगडपासून सावंतवाडीपर्यंत जिकडे जाल तिकडे तेच. बाजारात मासळी घ्यायला आलेल्या बायका मला म्हणायच्या, “काकी, एकदा म्हणान दाखव.” मी म्हणायचे, “आधी सुंगटां घी.”

गावाला मात्र ते झोंबलं. वाट बंद झाली याचं कोणाला काही नव्हतं. पण मान नसताना गाऱ्हाणं घातलं, देवाची थट्टा केली, गावाची लाज वेशीबाहेर नेली! देवळात बैठक बसली. ठराव झाला की संदेशच्या घरचा नारळ देवळात घ्यायचा नाही. ठराव वाचून दाखवला तो याच मास्तरांनी. (मास्तर, हे वाक्य कापायचं नाही.)

जत्रेच्या दिवशी सुलोचना पदराखाली नारळ घेऊन रांगेत उभी राहिली. तिचा नारळ परत हातात दिला.  ती घरी आली आणि तो नारळ गडग्याच्या कडेला पुरला. सोललेला होता, कुजला. पुढच्या वर्षी ती परत रांगेत. मी बघितलं तर नारळ न सोललेला, अख्ख्या सोडणासकट.

“सोलूक नाय कित्या गो?” मी विचारलं.

“परत येतलोच तो. सोललो तर रुजाचो नाय,” ती म्हणाली.

तो रुजला. त्यानंतर दर जत्रेला ती न सोललेला नारळ घेऊन जायची, परत आणायची आणि लावायची. गडग्याला माडांची रांगच लागली. त्यातला एक माझ्या न्हाणीघरावर वाकला आहे. त्याबद्दल मी गावाला जबाबदार धरते.

संदेशराव मुंबईला गेले. गाण्याचे कार्यक्रम मिळेनात, ‘वादग्रस्त’ हा शब्द नावाला चिकटला होता. मग कोणीतरी त्यांना सिनेमात घेतलं. पहिल्या सिनेमात ते गुंड होते आणि दहाव्या मिनिटाला मेले. दुसऱ्यात पोलीस होते, तेव्हाही मेले. सुलोचना बघायचीच नाही. मी बघून तिला सांगायचे, “आज जरा उशिरान मेलो.” पण मेले तरी कसे मेले! एकदा गोळी लागल्यावर पडताना त्यांनी चप्पल सावरली. मरणाऱ्या माणसालाही चपलेची काळजी असते हे कुठल्या शाळेत शिकवतात? डायरेक्टर लोकांनी ती चप्पल बघितली असावी, कारण त्यानंतर त्यांचं मरण लांबत लांबत गेलं आणि पुढे एका मालिकेत तर ते दुसऱ्यांना मारायला लागले.

त्यांच्या स्वभावाविषयी लिहायचं तर त्याच सुमाराची गोष्ट. सावंतवाडीला माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. माझे मुलगे सुट्टी मिळेना म्हणून फोनवर काळजी करत होते. संदेशराव मुंबईहून येऊन बाकड्यावर बसले. त्या आठवड्यात त्यांनी मालिकेतल्या नायिकेच्या भावाला मारलं होतं. बाजूची एक म्हातारी पट्टी सारून एका डोळ्याने बघते तर हे!

“मेल्या, तेका कित्या मारलंस? काय केल्यान हुता तेना तुझा?”

संदेशराव उठून तिच्या पाया पडले. “आजये, माका लेखकान सांगल्यान. माझो काय इलाज नाय.”

“मगे लेखकाक मार!” म्हातारी म्हणाली.

सगळा वॉर्ड हसला. दुसऱ्या दिवशी माझ्या डोळ्यावरची पट्टी काढली आणि समोर पहिला चेहरा त्यांचाच. इतक्या वर्षांनी नजर आली आणि बघायला काय मिळालं तर बोंबील. पण आले होते, हे मी विसरत नाही.

आणि त्यांचं तत्त्व. एक निर्माता त्यांना मोठा सिनेमा द्यायला तयार होता. अट एकच, आधी त्या गाण्याबद्दल कॅमेऱ्यासमोर माफी मागायची. यांनी नाही म्हटलं. सुलोचना फोनवर रडली, “माग रे बाबा, निदान माझो नारळ तरी घेतीत!” तरी त्यांनी माफी मागितली नाही. मला तेव्हा राग आला होता. सिनेमा गेला तर गेला, आईचा नारळ तो! मी त्यांना तसं सुनावलं. ते म्हणाले, “काकी, वाट उघडी असती तर मागलंय असतंय.”

मग तो सिनेमा आला, ज्याच्यासाठी हा अंक निघतो आहे.

पुण्याची एक डायरेक्टर मुलगी. तिच्या सिनेमात कोकणातला मानकरी हवा होता आणि तो मानकरी म्हणजे संदेशराव! शूटिंग आमच्याच देवळासमोर. ज्या गावाने नारळ बंद केला तो गाव हो म्हणाला का? लगेच म्हणाला. सगळ्यांना सिनेमात दिसायचं होतं.

शूटिंगच्या आधी संदेशराव तात्यांच्या घरी गेले. मी मुद्दाम सोलं द्यायच्या निमित्ताने तिथे बसून होते. तात्या खुर्चीत खोकत होते. संदेशराव पायरीवर बसले.

“तात्यानू, गाण्यात मी वाट बंद झाली म्हटलंय, ता मी परत घेवचंय नाय.”

“मगे कित्याक इलंस?”

“तुमचो खोकलो घेतलंय हुतो. दोन ओळींच्या मधी, तालाक. लोक हसले. तो परत घेतंय.”

 बाकीचा गाव देवाच्या नावाने चिडला होता. तात्यांना लागला होता तो खोकला, आणि हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

“खोकलो तालात बसलो हुतो, पण,” तात्या म्हणाले.

“मस्त बसलो हुतो,” संदेशराव म्हणाले. आणि दोघं हसले. तात्यांना हसण्याने परत खोकला लागला.

मग संदेशरावांनी गाऱ्हाणं शिकवा म्हटलं. तात्यांनी सुरुवात सांगितली, शेवट सांगितला. मध्ये एक जागा असते, तिथे मानकरी ओठांतल्या ओठांत पुटपुटतो आणि ते फक्त देवाला ऐकू जातं. ते सांगायला तात्यांनी साफ नकार दिला. “ता माझा नि देवाचा. तू थंय तुझा काय असात ता घाल.”

हे वाक्य लक्षात ठेवा.

शूटिंगच्या सकाळी गाव बघायला हवा होता! ठराव करणारे सगळे इस्त्रीचे शर्ट घालून पहिल्या रांगेत. मास्तरांनी केस काळे केले होते. आम्ही बायका मागे, सुलोचना खांबाला टेकून. तात्यांना मानाची खुर्ची. डायरेक्टर मुलीने सांगितलं, “ते बोलतील आणि तुम्ही रोजच्यासारखं ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. अगदी नॅचरल!”

नॅचरल आम्हाला शिकवायला नको होतं.

संदेशराव आले. धोतर, उपरणं, कपाळाला गंध. मी त्यांना अर्ध्या चड्डीपासून बघते आहे, पण त्या क्षणी माझेही हात आपोआप जोडले गेले. त्यांनी नारळ ठेवला आणि सुरू केलं. आवाज तात्यांचाच! खोकला सोडून सगळं तात्यांचं. एकेक मागणं खाली यायचं आणि गाव उचलायचा, “व्हय म्हाराजा!” पोराबाळांना सुखी ठेव. “व्हय म्हाराजा!” होडी सुखरूप परत आण. “व्हय म्हाराजा!” लय अशी लागली की माझ्या अंगावर काटा. भात झोडायला लागल्यावर हात थांबत नाहीत म्हटलं ना, तशी तोंडं थांबेनात.

आणि ती पुटपुटायची जागा आली. संदेशराव पुटपुटले नाहीत. त्याच लयीत, त्याच आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

“आणि बा देवा म्हाराजा, ज्या आवशीचो नारळ ह्या तुझ्या लेकरांनी दारातसून परत धाडलो, तो आजपासून तुझ्या पायाकडे घेवन, तिचा घर परत गावाच्या वांगडा धर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळा गाव गरजला. मास्तरांचा आवाज सगळ्यांत मोठा.

फक्त सुलोचना गप्प होती. तिने एकटीने ऐकलं होतं.

मग हळूहळू पहिल्या रांगेतल्यांना कळायला लागलं की आपल्या तोंडातून काय गेलं, त्याच्या आईचा नारळ परत घ्यायला आपणच ‘व्हय’ म्हटलं. एकाने दुसऱ्याकडे बघितलं. मास्तरांचं तोंड उघडंच राहिलं.

“कट!” डायरेक्टर मुलगी धावत आली. “संदेश, हे डायलॉगमध्ये नव्हतं! सगळ्यांनी जागेवर थांबा, रिटेक घेऊ.”

तात्या काठी टेकून उभे राहिले. “बाय गो, तुझ्या सिनेमाक काय व्हया ता घी. पण गाऱ्हाण्याक रिटेक नसता.”

“तात्या, ही ॲक्टिंग होती!” मास्तर ओरडले.

“तो ॲक्टिंग करी हुतो. तू काय करी हुतंस?”

“मी... मी पण ॲक्टिंगच!”

“देवळासमोर उभो रवान, हात जोडून, व्हय म्हटलंस. देवाक क्यामेरो दिसता काय? तेना ऐकल्यान.” तात्यांना खोकला आला. तो संपल्यावर म्हणाले, “आणि माझ्या मधल्या जागेर तुका काय घालूचा ता घाल, असा मीच सांगलंय हुतंय. सुलोचना, नारळ हाड.”

सुलोचना घराकडे धावली. या वयात, पदर सुटलेला, पायात चप्पल नाही. मी तिच्या मागे. तिचे पहिल्या वर्षांतले माड आता धरायला लागले होते. परत आलेल्या नारळातूनच झालेल्या माडाचा एक नारळ पडवीत होता. ती तो तसाच उचलून निघाली.

“अगो, सोडण!” मी ओरडले.

ती थांबली. हातातल्या नारळाकडे बघितलं. इतक्या वर्षांत नारळ सोलायचा असतो हे ती विसरूनच गेली होती. मग तिने कोयता घेतला आणि पडवीतच बसून सोलला.  मी कोयता मागितला तर दिला नाही.

देवळात नारळ गेला. तात्यांनी घेतला. परत आला नाही.

डायरेक्टर मुलगीही हुशार. तिने तोच भाग सिनेमात तसाच ठेवला. मास्तरांच्या उघड्या तोंडासकट! लोक विचारतात, हा पहिल्या रांगेतला नट कोण, कसला अभिनय करतो! त्याच सिनेमासाठी संदेशरावांचं नाव आज सगळीकडे घेतलं जातं आहे. त्यात ते शेवटपर्यंत जिवंत आहेत. सुलोचनाने त्यांचा सिनेमा पहिल्यांदाच बघितला, तोही डोळे न झाकता.

लोक म्हणतात, रॅपर होता तेव्हा वाया गेला होता, नट झाला आणि सुधारला. मला हे पटत नाही. तेव्हा त्यांनी जे सांगितलं तेच आताही सांगितलं. फक्त पहिल्यांदा गाव ऐकून चिडला आणि दुसऱ्यांदा न ऐकता ‘व्हय’ म्हणाला.

आता शेवटी शुभेच्छा द्यायच्या असतात. बाईमाणसाने गाऱ्हाणं घालू नये म्हणतात. मी घालत नाही, मी लिहिते आहे. वाचणाऱ्यांनी आपापल्या जागी बसून साथ द्यावी.

बा देवा म्हाराजा, ह्या बोंबलाक शंभर वर्सां आयुष्य दी, अंगाक जरा मांस दी, नि तोंडाची धार होती तशीच ठेव. व्हय म्हाराजा!

तेच्या आवशीक तेचे सगळे सिनेमे बघूक नजर दी, नि कुठच्याच सिनेमात तेका दहाव्या मिनटाक मारू नको. व्हय म्हाराजा!

तात्यांचो खोकलो कमी कर, आणि नाय झालो तर निदान तालात ठेव. व्हय म्हाराजा!

आणि तुझ्या दर्याच्या वाटेर जा गेट अजून उभा असा, ता ह्या अंक वाचणाऱ्यांच्याच हातांनी, येत्या पालखीच्या आधी उपटून काढून घी रे म्हाराजा. व्हय म्हाराजा!

म्हटलात मां? मनातल्या मनात म्हटलात तरी चालतं. आता रिटेक नाही.

— भामाकाकी